थंडीत आरव्ही घेऊन दक्षिणेकडे: कँपग्राउंडची मेंबरशिप घ्यावी का?

रानवारा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये लॅन्सिंगजवळ राहतो. वय ६६, बायको ६३. गेल्या वर्षी दोघंही नोकरीतून मोकळे झालो आणि ऑगस्टमध्ये एक वापरलेली २४ फुटी क्लास सी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली आरव्ही, घेतली. कारण साधं आहे. गेल्या फेब्रुवारीत बायको ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरली, मनगट मोडलं, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. त्या सहा आठवड्यांत तिने एकच वाक्य धरून ठेवलं होतं, "पुढचा हिवाळा इथे नाही."

तर ५ जानेवारीपासून ८४ रात्री, म्हणजे बरोबर १२ आठवडे, उबदार जागी काढायच्या आहेत. फ्लोरिडा मनात आहे, पण टेक्सास आणि अॅरिझोनाबद्दलही ऐकतोय. प्रश्न मेंबरशिपचा, म्हणजे अशी गाडी उभी करून राहायच्या कँपग्राउंडच्या सदस्यत्वाचा. थाउजंड ट्रेल्सचा पास, पासपोर्ट अमेरिका, हार्व्हेस्ट होस्ट्स, गुड सॅम अशी नावं वाचून डोकं गरगरलंय. यातलं काय घ्यावं, की काहीच न घेता सरळ महिन्याच्या भाड्याने एके ठिकाणी राहावं? ज्यांनी स्वतः हिवाळे काढलेत त्यांनी लिहा. पैशांबद्दल मोकळेपणाने लिहिलंत तर जास्त बरं.

आडवाटेचा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:५५

अभिनंदन काका! आम्ही सहा हिवाळे फ्लोरिडात काढलेत, सगळे थाउजंड ट्रेल्सच्या पासवर. हा पास विभागवार मिळतो. फ्लोरिडा आग्नेय विभागात येतं. आमच्या साध्या पासचा नियम असा: एका पार्कात जास्तीत जास्त १४ रात्री राहा, मग ७ रात्री पासाबाहेर काढा, मग पुन्हा दुसऱ्या पार्कात १४. मुक्काम चार रात्रींचा किंवा त्याहून कमी असेल तर सात रात्रींची अट नाही, लगेच पुढच्या पार्कात जाता येतं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. महागडी कंत्राटं घेतलेल्यांना त्याहून आधी बुकिंग मिळतं आणि बाहेर काढायच्या रात्रीही नसतात. म्हणून साध्या पासवाल्याने साठाव्या दिवशी सकाळी संगणकासमोर बसलेलंच बरं.

फ्लोरिडात आमची नेहमीची तीन: क्लेरमाँटचं ऑर्लँडो पार्क, वाइल्डवुडचं थ्री फ्लॅग्ज आणि वॉचुलाचं पीस रिव्हर. जीव जडलाय तो पीस रिव्हरवर. त्याबद्दल वेगळं लिहितो, आता झोप आलीय.

मी पहिल्यांदा पास घेतला तेव्हा साडेसहाशे डॉलरच्या आसपास पडला होता. आता वाढलाय. कंत्राटानुसार नियम बदलतात, तेव्हा सही करण्याआधी तुमच्या हातात पडलेला कागद वाचा, माझी पोस्ट नव्हे.

वाळूतले_पाय | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

मेंबरशिप कशाला? अॅरिझोनात या. क्वार्टझसाइटच्या दक्षिणेला ला पोसा आहे. सरकारी जमीन, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिन्यांचा परवाना मी काढला तेव्हा १८० डॉलरला होता. फक्त १४ दिवसांचा तेव्हा ४० डॉलरला. पाणी भरायची सोय, टाक्या रिकाम्या करायचं डम्प स्टेशन, कचरा टाकायची जागा, सगळं त्यात आलं. वीज नाही. छपरावर सोलर पाहिजे आणि पाणी जपून वापरायची सवय पाहिजे.

दिवसा हाफ शर्टात फिरता येतं. रात्री मात्र वाळवंट गारठतं, दोन रजया लागतात. पहाटे बाहेर खुर्ची टाकून बसलं की इतकी शांतता असते की शेजारच्या गाडीत कुणी चहात साखर ढवळतंय ते ऐकू येतं. मी चार वर्षं जातोय आणि एका रात्रीचंही भाडं कुणाला दिलेलं नाही.

हिशेबनीस | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

@रानवारा, आकडे मांडू या.

पासवर ८४ रात्री म्हणजे २१ दिवसांचे चार फेरे. त्यात ५६ रात्री पासात, २८ बाहेर. पास ७०० धरा. बाहेरच्या रात्री खासगी पार्कात ५५ डॉलरने काढल्या तर १,५४०. एकूण २,२४०, म्हणजे रात्रीला साधारण २७ डॉलर. काही पार्कांत ५० अँपची वीजजोडणी असलेल्या जागेला वेगळे पैसे पडतात, ते धरलेले नाहीत.

याच्या शेजारी महिन्याचं भाडं ठेवा. फ्लोरिडात हिवाळ्यात आमच्या ओळखीचे लोक महिन्याला ११०० च्या पुढे देतात, वीज वेगळी. तीन महिन्यांचे ३,३०० आणि वर बिल. पास स्वस्त दिसतो, पण दर दोन आठवड्यांनी तंबू गुंडाळायचा.

डिझेल-पेट्रोल विसरू नका. लॅन्सिंग ते मध्य फ्लोरिडा एका बाजूने अंदाजे १,२०० मैल. क्लास सी गॅलनला नऊ मैल देते असं धरलं तर जाऊन-येऊन २६० च्या वर गॅलन. ती रक्कम कुठलीही मेंबरशिप कमी करत नाही. अॅरिझोना तर त्याहून बरंच लांब.

सुगरण_ओहायो | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

वाळूतले_पाय, तुमची शांतता मला पटते, पण ६३ वर्षांच्या बाईला, मोडून बरं झालेल्या मनगटाने, पाण्याचे कॅन उचलायला लावू नका. पहिल्या हिवाळ्यात वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडलेली जागा घ्या. हौस पुढच्या वर्षी.

आणि रानवारा, एक विचारते. सहलीचा विचार तुम्ही केलात, पण १२ आठवडे त्या दीड फुटाच्या ओट्यावर स्वयंपाक कोण करणार? हे निघायच्या आधी बोलून घ्या. आम्ही ठरवून घेतलं होतं: सकाळचं त्यांचं, संध्याकाळचं माझं, रविवारी बाहेर. त्यामुळे दोघं आनंदाने परत आलो.

रानवारा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

सुगरणताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने "यांना म्हणावं, धन्यवाद" असं सांगितलंय. सकाळचं माझ्याकडे आलं. पोहे, उपमा, थालीपीठ मला येतं.

आडवाटेचा, पीस रिव्हरबद्दल लिहाच.

चहाबाज | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. पुण्यात बसून फ्लोरिडाच्या पार्कांची नावं पाठ होणार आता.

लिंबाचं_लोणचं | ७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सावधगिरीची एक गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कुठलं राज्य तेही नाही. चार वर्षांपूर्वी आम्हाला दोन रात्री फुकट राहायचं आमंत्रण आलं, अट एवढीच की दीड तास त्यांचं ऐकायचं. दीडाचे साडेतीन तास झाले. आधी एक हसरा मुलगा, मग त्याचा वरिष्ठ, मग वरिष्ठाचा वरिष्ठ. शेवटी "आजीवन सदस्यत्व" आठ हजारांवर येऊन थांबलं आणि भूक लागलेल्या अवस्थेत आम्ही सही केली. वर्षाची देखभाल फी वेगळी असते आणि ती दरवर्षी वाढते, हे बारीक अक्षरात होतं. दोन वर्षांत मिळून अकरा रात्री राहिलो. विकायला काढलं तर फुकटही कुणी घेईना.

कंत्राट रद्द करायची मुदत असते, पण ती मोजक्या दिवसांची आणि राज्यागणिक वेगळी. आम्हाला ते मुदत संपल्यावर कळलं. वर्षाचा पास आणि आजीवन सदस्यत्व या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, रानवारा. पहिल्या वर्षी फक्त वर्षाचं घ्या. आणि "आजच सही केलीत तर" असं कुणी म्हणालं की उठा.

आडवाटेचा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१५

लिंबाचं_लोणचं यांना शंभर टक्के अनुमोदन. मी सहा वर्षं साधा वर्षाचाच पास घेतोय. आपोआप नूतनीकरण होतं का तेही विचारून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता पीस रिव्हर. नदी पार्काला लागूनच वाहते. चहासारखं तपकिरी पाणी, काठावर ओकची झाडं, त्यांवर लोंबणारं स्पॅनिश मॉस. मगरी आहेत, त्यामुळे वाटेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, आधी स्थानिकांना विचारायचं. हिवाळ्यात पाणी ओसरलं की तळातली खडी उघडी पडते आणि त्या खडीत शार्कचे दात सापडतात. लाखो वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. माझा नातू आठ वर्षांचा असताना आला होता. गहू चाळायच्या चाळणीसारखी लाकडी चौकटीची जाळी घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. फावड्याने खडी जाळीत टाकायची, हलवायची, आणि बसून एकेक खडा बघायचा. तासाभराने त्याला करंगळीच्या पेराएवढा एक काळा, चकचकीत, कडेला करवतीसारखा दात मिळाला. त्या रात्री तो उशीखाली ठेवून झोपला. शार्कचे दात वेचायला परवाना लागत नाही, पण हाडं किंवा इतर प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायचे असतील तर राज्याचा परवाना लागतो.

तिथून प्लँट सिटी तासाभराच्या अंतरावर. जानेवारी ते मार्च तिथे स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

जाईजुई | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दाताची गोष्ट किती छान! अवांतर विचारते. आईबाबा नाशिकहून डिसेंबरात येताहेत, व्हिजिटर व्हिसावर. त्यांना आरव्हीतून टेक्सासला न्यावं का? बाबांना फार उत्साह आहे.

तिरफळ | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

जाईजुई, जरूर न्या. आम्ही ह्यूस्टनचे. तीन वर्षं झाली, जानेवारी-फेब्रुवारी टेक्सासच्या रिओ ग्रँड व्हॅलीत काढतो, मेक्सिकोच्या सीमेलगत, मिशन गावाजवळ. तिकडे उत्तरेतून येणाऱ्यांना विंटर टेक्सन म्हणतात. दोन सूचना. आईबाबांची कागदपत्रं कायम जवळ ठेवा, घरी नको. व्हॅलीतून उत्तरेला परतताना २८१ नंबरच्या हायवेवर फाल्फुरियसला आणि ७७ नंबरच्या हायवेवर सरिताला बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, तिथे विचारतात. ग्रीन कार्डवाल्यांनीही कार्ड जवळ बाळगायचं, तसा कायदाच आहे. आणि इतर मंडळी औषधं आणायला चालत मेक्सिकोत जातात म्हणून आईबाबांना घेऊन सहज पूल ओलांडू नका. व्हिसावर एकदाच प्रवेश असेल तर परत येताना अडचण येऊ शकते. प्रवासाचा आरोग्य विमा घेतल्याशिवाय तर कुठेच नाही.

आता रानवारा तुमच्यासाठी. आमचं मत सरळ आहे: मेंबरशिप नको, महिन्याने राहा. गेल्या हिवाळ्यात महिन्याला ६२५ दिले, वीज मीटरप्रमाणे. त्या पैशांत पोहायचा तलाव, लाकूडकामाची खोली, गुरुवारी नाच, शनिवारी पत्ते. बाहेर पडलं की संत्री-ग्रेपफ्रूटच्या बागा. बेंटसन स्टेट पार्कात 'ग्रीन जे' नावाचे पक्षी पाहिले, एवढा हिरवा रंग मी पोपटातही पाहिला नव्हता.

पण खरी गोष्ट शेजाऱ्यांची. पहिल्या वर्षी संक्रांत पार्कातच आली. मी घरून पांढरे तीळ आणि चिक्कीचा गूळ नेला होता. आरव्हीच्या बारक्या शेगडीवर पाक करायला घेतला. खिडकी उघडी होती, वास बाहेर गेला. शेजारी कॅनडातल्या मॅनिटोबाचं जोडपं, दोघंही सत्तरीपुढचे. त्या बाई दारात येऊन काय शिजतंय म्हणून विचारायला लागल्या. मी त्यांना आत घेतलं, तळहाताला तूप लावून गरम लाडू कसे वळायचे ते दाखवलं. त्यांनी बत्तीस वळले, मी सोळा. संध्याकाळी दोघी मिळून पार्कातल्या प्रत्येक दारात गेलो. "गोड गोड बोला" त्यांनी अक्षरं कागदावर लिहून पाठ केलं होतं. आता दर डिसेंबरात त्यांचा निरोप येतो, तीळ आणतेस ना? दर चौदा दिवसांनी गाव बदललं असतं तर या बाई मला मिळाल्या नसत्या.

वाळूतले_पाय | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

तिरफळताई, डोळ्यांत पाणी आणलंत. वाळवंटातही शेजारी मिळतात, पण तिळगूळ अजून कुणी वाटला नाही. या जानेवारीत मी वाटणार.

टोरांटोचा_बाळ्या | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

कॅनडातल्यांसाठी लिहितो, कारण आमचा हिशेब दिवसांचा असतो. ओंटारियोचा आरोग्य विमा टिकवायचा तर १२ महिन्यांत २१२ दिवसांपर्यंतच प्रांताबाहेर राहता येतं. अमेरिकेत राहण्याची मर्यादा वेगळी आणि करखात्याची मोजणी त्याहून वेगळी, त्यासाठी ८८४० नंबरचा फॉर्म भरतात. बाहेर आजारी पडलं तर ओंटारियोचा विमा अगदीच किरकोळ पैसे देतो. खासगी प्रवासविमा घेताना आधीचे आजार लपवू नका, दावा तिथेच अडकतो.

अमेरिकेतल्या काकांनाही हे लागू आहे, वेगळ्या प्रकारे. रानवारा, तुमचं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) कुठलं?

रानवारा | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:००

माझं अॅडव्हांटेज प्लॅन, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर, त्यातही एचएमओ, ठरावीक डॉक्टरांच्या जाळ्यातलं. बायकोचं अजून मेडिकेअर नाही, आधीच्या नोकरीतला विमा आहे. का?

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

मूळ मेडिकेअर असेल तर ते स्वीकारणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. एचएमओचं जाळं तुमच्या भागापुरतं असतं. बाहेर फक्त तातडीचं आणि निकडीचं. मधुमेह-रक्तदाबाची नेहमीची तपासणी फ्लोरिडात करायला गेलात तर पदरचे पैसे. प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. अगदी वेळेवर विचारलंत. पण मूळ मेडिकेअरकडे परतताना पूरक विमा मिळेल का, कितीला मिळेल, हे आधी विचारा आणि मगच हात घाला. नाहीतर निदान तीन महिन्यांची औषधं बरोबर घ्या आणि तपासण्या डिसेंबरातच उरका.

दुसरं म्हणजे, तुम्ही दोघंही ६२ च्या पुढे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर सीनियर पास काढा. आजीवन ८० डॉलर, एका वर्षाचा २० डॉलर. राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश तर आहेच, पण मोठा फायदा वेगळा. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या सरकारी खात्याच्या बऱ्याच कँपग्राउंडवर भाडं निम्मं होतं. सगळ्या मेंबरशिपांमध्ये मला हीच सगळ्यात मोलाची वाटते आणि तिची जाहिरात करायला कुणी विक्रेता येत नाही.

आडवाटेचा | ८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

अगदी! माझ्या सात बाहेरच्या रात्री तिथेच जातात. ओकीचोबी जलमार्गावर डब्ल्यू. पी. फ्रँकलिन आणि ऑर्टोना, दोन्हीकडे वीज-पाणी, समोर पाणी, बोटी जाताना दिसतात. रात्रीचं भाडं तिशीच्या घरात असलं तर निम्मं १५-१६ वर येतं. अडचण एकच, बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जानेवारीच्या जागा केव्हाच संपलेल्या असतात. पण लोक रद्द करतात. रोज सकाळी एकदा आणि रात्री एकदा साइट बघा, एकेक रात्र मिळत जाते.

फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांचं म्हणाल तर २०२४ पासून राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी बुकिंग मिळतं, बाहेरच्यांना १० महिने. म्हणजे आपल्या हाती उरलेलं. तिथेही रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवा. ब्लू स्प्रिंगला गेलात तर मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, चुकवू नका. थंडीत त्या झऱ्याच्या २२ अंश पाण्यात गोळा होतात, म्हशींसारख्या संथ.

पेडण्याचा_पोर | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

गोव्यातून नमस्कार. आमच्या हरमलला माझ्या लहानपणी हिवाळ्यात युरोपातून रस्त्याने चालवत आणलेल्या गाड्या माडांखाली उभ्या असायच्या. एक जर्मन आजोबा गाडीच्या टपावर गाद्या वाळत घालायचे. ते कुणाचे मेंबर होते माहीत नाही, पण आमच्या आजीकडून नारळ घ्यायचे आणि हिशेब चोख ठेवायचे. थंडीला पाठ दाखवून उन्हाकडे निघालेली माणसं सगळीकडे सारखीच.

चहाबाज | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

पेडण्याच्या पोरा, यावर वेगळा धागा काढ ना!

सुगरण_ओहायो | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

स्वयंपाकाचं राहिलंच होतं. रानवारा, तुमची गाडी ३० अँपची असणार. ३० गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट, एवढाच तुमचा संसार. इंडक्शन १,८०० वॅट, खोलीचा हीटर १,५००. दोन्ही चालू असताना कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी अंधार. मग नियम केला: कुकर चढवला की हीटर बंद. कुकर तीन लिटरचा न्या, पाच लिटरचा त्या शेगडीवर नीट बसत नाही. पोळ्या करताना छताचा पंखा आणि खिडकी उघडी, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो.

भांडी घासण्याआधी तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका. फोडणीचं तेल ग्रे टँकमध्ये, म्हणजे बेसिन-अंघोळीच्या सांडपाण्याच्या टाकीत, गेलं की साठतं आणि वास मारतं.

वाळूतले_पाय | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

टाक्यांवरून आठवलं. रिकामं करताना आधी ब्लॅक (संडासाची टाकी), मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जागेवर सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देऊ नका. पातळ वाहून जातं आणि घट्ट खाली साचतं. टाकी बऱ्यापैकी भरली की मगच एकदम सोडा. हातमोजे वेगळे, पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, दोन्ही वेगळ्या कप्प्यांत. पार्काच्या नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावा, मग तुमची नळी.

आणि मिशिगनहून निघताना नळ्या गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ तसंच राहू द्या. इंजिनातलं नव्हे, आरव्हीचंच. वाटेत दोन-तीन रात्री प्यायला बाटल्यांचं पाणी वापरा, फ्लश करायलाही तेच गुलाबी ओता. जॉर्जियात पोहोचलात, रात्रीचं तापमान गोठणबिंदूच्या वर राहायला लागलं, की मग नळ्या धुऊन पाणी भरा. ७५ नंबरच्या हायवेवर केंटकी-टेनेसीच्या हद्दीला जेलिकोचा डोंगर लागतो. बर्फाचा अंदाज असेल तर अलीकडेच मुक्काम करा, एका दिवसासाठी जिवाशी खेळ नको.

जाईजुई | ९ ऑक्टोबर, दुपारी २:००

हार्व्हेस्ट होस्ट्सचं कुणीच लिहिलं नाही. आम्ही गेल्या वर्षी घेतलं होतं. शेतावर, वाइनरीत एक रात्र गाडी उभी करू देतात, भाडं नाही, त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्यायची रीत आहे. वीज-पाणी सहसा नसतं, गाडीतच सगळी सोय हवी. जाता-येताच्या रात्रींसाठी उत्तम, मुक्कामासाठी नाही. एका शेतावर आम्ही मध आणि अंडी घेतली, सकाळी मालकीणबाईंनी शेळ्या सोडताना मुलांना बरोबर नेलं.

तिरफळ | ९ ऑक्टोबर, दुपारी २:३५

पासपोर्ट अमेरिकाबद्दल मी सांगते. अर्ध्या भाड्याची सवलत, फी थोडी, दोन-तीन रात्रींत वसूल. पण दक्षिणेतली बरीच पार्कं ऐन हिवाळ्यात ती देत नाहीत किंवा दोनच रात्री देतात. वाटेवरच्या मुक्कामांना वापरा. केओए (कँपग्राउंडची एक साखळी) आणि गुड सॅमची सवलत त्याहून कमी, तीही वाटेसाठीच.

रानवारा | १२ ऑक्टोबर, रात्री ९:००

सगळे प्रतिसाद छापून काढले आणि आज जेवणानंतर दोघं पेन घेऊन बसलो. इतक्या आपुलकीने इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

बायकोचं म्हणणं, तिला तिरफळताईंसारखे शेजारीही हवेत आणि नातवाला शार्कचा दातही हवा. तो फेब्रुवारीच्या सुट्टीत विमानाने टॅम्पाला येतोय. म्हणून अर्धं-अर्धं करतोय. पहिले सहा आठवडे फ्लोरिडात वर्षाच्या पासवर: १४ पासात, ७ बाहेर, पुन्हा १४, पुन्हा ७. पुढचे सहा आठवडे मिशनजवळ महिन्याच्या भाड्याने. मार्गात पासपोर्ट अमेरिका. सीनियर पास काल काढला. प्लॅनच्या माणसाशी १५ तारखेनंतर बोलतोय.

हिशेबनीस, यात चूक दिसते का?

हिशेबनीस | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३५

आहे. सहा आठवड्यांत पासाच्या २८ रात्रीच वापरल्या जातील. ७०० भागिले २८ म्हणजे २५ डॉलर रात्रीला. तरी फ्लोरिडात हिवाळ्यात २५ डॉलर वाईट नाही. पण उन्हाळ्यात त्याच विभागातली टेनेसी-कॅरोलिनाची पार्कं वापरलीत तरच पास खऱ्या अर्थाने फिटेल. पास वर्षभराचा आहे, विसरू नका. मिशनला सहा आठवड्यांसाठी दीड महिन्याचा भाव मागा, पूर्ण दोन महिन्यांचा भरू नका.

तिरफळ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१०

आमच्या पार्काचं नाव निरोपात पाठवते. आमचा मुक्काम यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाढवलाय. वहिनींना सांगा, मनगट सांभाळून या, लाडू मी वळते.

रानवारा | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय. आज साठावा दिवस. पहाटेच उठून बसलो, बायकोने चहा करून दिला. पीस रिव्हर, ५ जानेवारीपासून १४ रात्री, मिळाल्या! डब्ल्यू. पी. फ्रँकलिनला रद्द झालेल्या जागांतून १९ तारखेपासून पाच रात्री जमल्यात, दोन अजून शोधतोय. आडवाटेचा, ती लाकडी चौकटीची जाळी तुम्ही कुठून घेतली होती?

आडवाटेचा | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

वा! विकत घेऊ नका, घरी बनवा. पाइन लाकडाच्या चार पट्ट्या आणि पाव इंची भोकांची लोखंडी जाळी, स्टेपलरने ठोकायची. नातवासाठी लहान एक वेगळी. मी १० जानेवारीला वॉचुलात येतोय, फावडं माझ्याकडे आहे.